फिडलाशेजारची वीणा

मित्रांनो, मी एक जुनी वीणा आहे. राहते कुंभकोणम्‌ला, पण माझं माहेर तंजावर. तिथल्या एका कारागिरानं मला फणसाच्या एकाच खोडातून कोरलं. पोट पोकळ केलं, मान लांब ठेवली आणि मानेच्या टोकाला जबडा वासलेल्या याळीचं, म्हणजे देवळांच्या खांबांवरच्या त्या सिंहासारख्या प्राण्याचं, तोंड बसवलं. मग मेणात कोळशाची पूड कालवून त्याचा काळा थर मानेवर चढवला आणि त्या थरात पितळेचे पडदे एकेक करून रोवले. पडदा केसभर हलला तरी स्वर हलतो, म्हणून तो माणूस बोटानं कमी आणि कानानं जास्त काम करायचा.

तंजावरच्या दरबारात मी नरसिंहरावांच्या मांडीवर वाढले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. महाराज डोळे मिटून ऐकायचे. मी थांबले की मगच उघडायचे. मग महाराज गेले, राज्य खालसा झालं आणि गाणारे-वाजवणारे वाट फुटेल तिकडे गेले. अप्पांनी मला जुन्या शालूत गुंडाळून बैलगाडीत घातलं आणि आम्ही कावेरीकाठी कुंभकोणम्‌ला आलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. महाराज नव्हते, पण मी होते.

अप्पांचा मुलगा व्यंकोबा. तान्हा होता तेव्हा त्याला माझ्या पोटाशी निजवायचे. मी वाजले की तो मूठ उघडायचा. मला वाटायचं, हा माझाच. अप्पांनंतर याच्याच मांडीवर बसायचं.

आणि मग त्या घरात फिडील आलं.

दरबारच्या जुन्या बँडातल्या एका वादकाकडे व्यंकोबा ते शिकला. केवढंसं ते! कमरेत चिमटलेलं, घोड्याच्या शेपटीनं खरवडलं की रडणारं. त्याला पडदाही नाही, लाजही नाही. मी मांडीवर बसणारी. ते थेट छातीशी. तेवढं पाहूनच माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि माझं पोट काही लहान नाही. लोक आले की विचारायचे, "व्यंकोबा, फिडील काढा की." पेटी उघडताना तो जो हलका हात लावायचा, तसा मला त्यानं कधी लावला नव्हता.

एका वर्षी कल्याणराम अय्यर नावाच्या वकिलांनी दसऱ्याला मोठ्या तळ्याकाठच्या मंडपात वाद्यवृंदाची बैठक ठरवली. आधी व्यंकोबानं स्वतः बांधलेली नवी रचना, तीन फिडिलं, एक त्याचं आणि दोन सोबत्यांची, बँडाच्या धर्तीवर. मग जुन्या कीर्तनांचं, म्हणजे इकडच्या रागदारी भक्तिगीतांचं, वादन. त्यात अप्पा मला घेऊन मधोमध बसणार, फिडिलं बाजूला.

तालमीत व्यंकोबा म्हणाला, "अप्पा, वीणा जरा चढवा. आमचा सूर वरचा आहे."

"म्हातारीला माडावर चढायला सांगतोंस की रे!"

"माडावर वारं बरं लागतंय, अप्पा."

"आणि पडली म्हणजे? झेलशील?" अप्पा हसले, पण त्यांनी माझ्या खुंट्या पिळल्या. माझ्या तारा कानशिलं तापल्यासारख्या ताणल्या. मी ब्र काढला नाही. फिडलासमोर कोण कण्हणार?

मग अप्पांनी आपली बोटं दाखवली. सांधे सुजले होते. "माझी ही शेवटची बैठक, व्यंकू. पुढं हिला तूं घेणार, की खुंटीला टांगूं?"

व्यंकोबानं गज खाली ठेवला. "मंडपात ऐकूं तर द्या. मग सांगतों."

मित्रांनो, मला एवढंच पुरे होतं. त्या संध्याकाळी असं वाजायचं, की या मुलानं फिडील पेटीत घालून पेटीला कुलूप लावावं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सरस्वतीपूजा असते. पोथ्या, हत्यारं, वाद्यं देवीपुढं मांडायची, गंधफूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईतो कुणी त्यांना शिवायचं नाही. मांडणी केली गोमतीनं. ती व्यंकोबाची बायको. बाळ निजलं की दार लोटून ती मला हळूच छेडायची. अप्पांना ते ठाऊक होतं, पण ते ठाऊक नसल्यासारखे खोकत फिरायचे.

"अहो, तुमचं फिडील त्या कोपऱ्यांत," ती म्हणाली. "समुद्रापलीकडचं पाहुणं आहे. पाहुण्यानं पाहुण्यासारखं बसावं."

"अगं, त्यालाही जरा गंध लाव."

"लावतें हो. शेपटीला!"

मला मात्र तिनं देवीच्या अगदी पायाशी ठेवलं, दोन मोठ्या समयांच्या मधे. मान एका समईजवळ, पोट दुसरीजवळ. काय सांगू माझा तोरा! फिडील कोपऱ्यात अंधारात होतं आणि मी उजेडात झळकत होते. मनात म्हटलं, बघ बाबा, देवीच्या हातात कोण असतं ते.

पण समईला वाती पुष्कळ होत्या आणि दिवस उकाड्याचा. दुपार कलली तशी माझी मान ऊन झाली. मेण आधी चिकट झालं, मग मऊ. एक पडदा कलला, त्याच्या शेजारचा रुतला. संध्याकाळी गोमती तेल घालायला आली. तिनं कललेला पडदा पाहिला. हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आज शिवायचं नव्हतं. "आई, सांभाळ," असं देवीला म्हणून तिनं समयांत आणखी तेल ओतलं.

सकाळी पूजा झाल्यावर अप्पांनी मला मांडीवर घेतलं, तार छेडली आणि त्यांचा चेहराच उतरला. मधले सगळे पडदे जागा सोडून बसले होते. नव्यानं मेण चढवून पडदे बसवणारा माणूस तंजावरला, आणि बैठक त्याच संध्याकाळी.

गोमतीनं पदर तोंडाला लावला. "मामंजी, मीच ठेवलं समईजवळ. मान म्हणून ठेवलं हो."

"मान जरा जास्तच झाला तिला," अप्पा म्हणाले. तिच्यावर ते रागावले नाहीत.

व्यंकोबा म्हणाला, "वकिलांना निरोप धाडतों. जुनी कीर्तनं आम्ही फिडलांवरच वाजवूं."

ऐकलंत? माझी जागासुद्धा तेच घेणार होतं!

पण अप्पांनी माझ्या बाजूच्या तीन तारांवर नख फिरवलं. "या तारा पडद्यांवरून जात नाहीत. मोकळ्या तारांना मेण काय करणार? मी सूर आणि ताल देतों. तूं वाजव."

"तुम्ही माझ्यामागं सूर धरून बसणार, अप्पा?"

"तूं माझ्यामागं पुष्कळ बसलास. आतां मी बसतों. काय बिघडलं?"

बिघडलं माझं! दरबारात गाजलेली मी, त्या चिमटलेल्या फिडलाला सूर पुरवणार?

मंडप भरून गेला होता. तीन फिडिलं एकदम उठली. कधी एकमेकांचा पाठलाग करत, कधी वेगवेगळं बोलत, आणि तरी सगळं एकत्र. पुढं बसलेल्या गोऱ्या साहेबानं पाय हलवला. पानपुडा सोडणारा एक म्हातारा हातातलं पान तसंच धरून बसला. मी वाट पाहत होते, कुठं तरी बेसूर होईल म्हणून. झालं नाही. फार छळलं मला त्या गोष्टीनं.

मग जुनी कीर्तनं आली. सगळ्यांसमोर व्यंकोबानं फिडलाच्या खुंट्या सैल केल्या आणि अप्पांकडे वळला. "चढवलेली वीणा खाली घ्या, अप्पा. तिच्या नेहमीच्या सुरावर. मी तिच्याशी मिळवतों."

मी माझ्या जागी उतरले. फिडील माझ्यापर्यंत आलं. मग व्यंकोबानं राग मांडला, सावकाश. तार ओढून मी जसा स्वर झुलवते, तसाच्या तसा झुलवला. मी संतापले. ती चाल माझी होती! माझ्या पोटाशी निजून, मूठ उघडून त्यानं ती उचलली होती आणि आता परक्या लाकडातून काढत होता. अप्पांचा हात थांबला होता. मीही ठरवलं, आता अवाक्षर काढायचं नाही. तेवढ्यात त्याचा षड्ज लागला, आणि माझी तार, कुणी न छेडता, गुणगुणली.

लोकांनी व्यंकोबाला मान डोलावून डोलावून दाद दिली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "आतां बोल. तूं घेतोंस, की खुंटी?"

व्यंकोबानं माझ्या मानेवर हात ठेवला, अगदी हलका. "माझा हात तिकडचा झाला, अप्पा. खोटं कशाला बोलूं?"

मी हरले, मित्रांनो.

तेव्हा दाराआडून गोमती म्हणाली, "मग मला द्या."

"तुला? लोक काय म्हणतील, बाई?"

"लोकांना कुठं ऐकवायचंय, मामंजी? घरांत मुलगी आहे. ती ऐकेल."

अप्पा जरा खोकले, आणि त्यांनी मला तिच्या मांडीवर दिलं.

पुढं तंजावरचा माणूस आला. त्यानं नवं मेण चढवलं. पडदा बसवताना तो गोमतीकडे बघायचा आणि तिनं मान हलवली की मगच सोडायचा. आता ती दार न लोटता वाजवते. तिची लेक माझ्या पोटाला कान लावून निजते. मी सुखात आहे. तरी पलीकडच्या खोलीत पेटीची कडी वाजली की पोटात दुखतंच.

म्हणून सांगते. तुमच्या घरी एखादी म्हातारी वीणा असेल तर तिला फुलं कमी वाहा आणि मांडीवर जास्त घ्या. उन्हापासून, दिव्यापासून लांब ठेवा, पण माणसांपासून ठेवू नका. आणि घरात फिडील असलंच, तर असू दे. फक्त सकाळी त्याच्याआधी मला उचला.