चंद्राबाईंचा मोकळा प्लॉट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. अर्धा जमिनीत आणि अर्धा वर, असा मी विट्याहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभा आहे. माझ्या डाव्या हाताला गुणमालाकाकूंची पिठाची गिरणी आणि उजव्या हाताला चंद्राबाईंचा मोकळा प्लॉट. दगडाला कसले आले हात, असे म्हणाल. पण हद्दीच्या दगडाला डावे-उजवे सांभाळावेच लागते.

डोंगरातून फोडून, चार बाजूंनी छिन्नीने घडवून मला इथे आणले. मोजणी झाली त्या दिवशी दोन्ही घरच्या बायकांनी मला हळदकुंकू वाहिले. तेवढाच माझा मान. पुढे शेळ्यांनी माझ्यावर अंग घासले, गिऱ्हाइकांनी पिठाचे डबे ठेवले, कुणी तंबाखू मळत बसले. माझी तक्रार नव्हती. मला तेव्हा सगळे समजतही होते. घोटाळा झाला तो रस्ता मोठा झाल्यावर.

रस्ता रुंद झाला आणि गाड्यांतून माणसे येऊ लागली. "जागेला सोन्याचा भाव आलाय," असे म्हणून ती माझ्यावरच टेकायची. मी दोन्ही बाजूंना पाहिले. तोच मुरूम, तेच गाजरगवत. नवीन काहीच उगवले नव्हते. मग भाव नेमका कशाला आला, हे मला समजेना. अजूनही पुरते समजलेले नाही.

आमच्या गावची जत्रा चैत्रात असते. त्यासाठी घरोघर पट्टी गोळा करतात आणि ज्याने पट्टी दिली त्याच्या दारात देवाची पालखी थांबते. पट्टी ठरायची कमाईवर. आता कमाई कुणी खरी सांगते का? म्हणून जत्रा कमिटीने आपला एक सोपा उपाय काढला होता. गुणमालाकाकूंच्या गिरणीत मिरची कुटायचा डंक आहे. तो जितका धडधडे, तितकी त्यांची पट्टी चढे. स्वतः कांदालसूण न खाणाऱ्या काकू गावभरची कांदालसणाची चटणी कुटायच्या. त्यातून चटणीचे दिवस आणि जत्रा नेमकी एकाच वेळी. मग काकूंनी काय करावे? जत्रेच्या आधी डंकच बंद ठेवला. बाया मिरच्यांची पोती घेऊन विट्याला जाऊ लागल्या. काकूंचे गिऱ्हाईक गेले आणि गावाची पट्टीही गेली. चंद्राबाईंच्या प्लॉटात काहीच वाजत नव्हते, म्हणून त्यांना पट्टी नव्हती.

यंदा कमिटीवर आकाराम हवालदार आले. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी सगळ्यांना गिरणीपुढे बोलावले.

"आजपास्नं कमाई इचारायची न्हाई," ते म्हणाले. "जागेच्या किमतीवर पट्टी. डंक बंद करता येतोय, जागा कुठं लपवणार? मी बर्फात हुभा ऱ्हायलो, तर माझ्या पगारातनं इन्कम टॅक्स कापला. आन् रस्त्याकडंची जागा नुसती धरून बसल्याला काय न्हाई. सरकारनं बी असंच करावं, म्हंतो मी."

"म्हंजी माझी पट्टी कमी?" काकूंनी विचारले.

"तुमची आन् चंद्राकाकींची सारखीच. दोन्ही जागा रस्त्याला सारख्याच लागत्यात."

मला हे पटले. तेवढ्यात चंद्राबाई बोलल्या आणि मला तेही पटले.

"आवं आकाराम, माझ्या जागेतनं एक दाणा निघत न्हाई. मी काय केलंय म्हून भाव वाढला?"

"तुमी काय केलं न्हाई, काकी. तेच तर म्हंतोय. रस्ता गावानं भांडून आणला, त्यानं भाव वाढला. त्यातलं थोडं गावाला द्या."

"जागा मोकळी हाय, रिकामी न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "उदयसिंह येणार हाय. बंगला बांधणार हाय हितं."

उदयसिंह त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कोइमतूरला सोने गाळायचे दुकान चालवतो. आमच्याकडची पुष्कळ मुले या धंद्यात लांब लांब गेली आहेत. प्लॉट त्यानेच घेतला, तारेचे कुंपणही त्यानेच घातले. दर जत्रेला तो यायचा, बंगल्याचा जिना कुठून घ्यायचा ते आईला दाखवायचा आणि परत जायचा.

त्या संध्याकाळी चंद्राबाई माझ्यावर बसल्या. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावला होता.

"पट्टीचं काय एवढं, आई? पाठवतो की," उदयसिंह म्हणाला.

"पट्टीचं ऱ्हाऊ दे. दर सालाला द्यायची, तर कशापायी द्यायची ते सांग. तू येणार हाईस का?"



"सृष्टीची शाळा हाय हितं," तो म्हणाला. "पोरीला मराठी बी नीट येत न्हाई. आमचं आता हितंच, आई. मला लय दिवस सांगायचं हुतं."

"बरं," चंद्राबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सकाळी त्यांनी गुणमालाकाकूंना हाक मारली. "तार काढून घे. मिरच्या वाळत घाल, काय करायचं ते कर. भाड्यातनं पट्टी भागंल."

आता डंक दिवसभर वाजतो. पालखी यंदा गिरणीपुढेही थांबली आणि प्लॉटापुढेही. आकाराम हवालदार खूश, काकू खूश, बायांचा विट्याचा हेलपाटा वाचला. आणि मी मात्र गोंधळलेला. पट्टी जागेवर नसती, तर चंद्राबाईंना कुणी काही विचारले नसते. त्यांनीही मुलाला विचारले नसते. बंगल्याचा जिना मनात चढत त्या सुखाने बसल्या असत्या. ते बरे होते की हे बरे? मी दोन्हींच्या मधोमध उभा आहे, तरी मला ठरवता येत नाही.

म्हणून मित्रांनो, कराचे तुम्ही मोठे झालात की ठरवा. माझे मागणे एवढेच आहे. तुम्हीही शिकाल, लांब जाल. मागे कुणाला जागा राखायला बसवले असेल, तर येणार की नाही ते त्यांना वेळेवर सांगा. चंद्राबाईंना झाडांची फार हौस. पण त्या प्लॉटात त्यांनी कधी साधी तुळसही लावली नाही. मुलाच्या घराचा पाया नेमका कुठे येईल, हे त्यांना ठाऊक नव्हते.