लाल-पांढरी वायर

तेजसने पंचावन्न इंची टीव्ही आणला त्या संध्याकाळी त्याने आईचा हात धरून तिला भिंतीसमोर उभं केलं. "हात लाव आई, केवढा मोठा आहे बघ." पुतळाबाईंनी काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय मोठा हाय रं."

काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळायचं. टीव्ही त्या बघत नसत, ऐकत.

ऐकण्याची सोय त्यांच्या नवऱ्याने, कान्हाशेठनी, करून ठेवली होती. उरणला बोटीवर काम करणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी जपानी स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे ॲम्प्लिफायर, घेतला होता. चंदेरी रंगाचा, उचलताना कंबर धरेल असा, आणि त्याच्यासोबत दोन लाकडी स्पीकर. घणसोली गावातलं बैठं घर पाडून बिल्डिंग उभी राहिली, कान्हाशेठ गेले, पण रिसीव्हर चालूच होता. जुन्या टीव्हीमागून एक लाल-पांढरी वायर त्यात जायची. रोज साडेसातला पुतळाबाई दोन स्पीकरांच्या मधे खुर्चीत बसायच्या आणि मालिका ऐकायच्या. बांगड्या वाजल्या की सासू आली, घसा खाकरला की वकील. "राजनंदिनी आत आली बग, रडून आलीय," असं त्या स्वयंपाकघरातल्या सुनेला, नमिताला, सांगायच्या. नमिताने मान वर करून टीव्हीकडे पाहिलं तर खरंच राजनंदिनी दारात उभी असायची, डोळे लाल.

नवीन टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला होते. आवाज भिंतीवर आपटून हॉलभर पसरायचा.

"आवाज येतोय ना आई?" तेजसने पहिल्या दिवशी विचारलं.

"येतंय. पन कोन बोलतंय ता नाय समजत."

"वाढवतो मग." त्याने वाढवला. आता मोठ्याने समजेना.

नमिताने लाल-पांढरी वायर घेतली आणि टीव्हीच्या मागे टॉर्च मारला. लाल नाही, पांढरं नाही, हेडफोनचं भोकसुद्धा नाही. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये त्याच दिवशी गेला होता.

"तू घ्यायच्या आधी बघितलं नाहीस?" तिने विचारलं.

"काय बघायचं? टीव्ही आहे तो. आवाज आहे त्याला," तेजस म्हणाला. द्रोणागिरीच्या वेअरहाऊसमधून दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून तो आला होता. "एवढंच असेल तर साउंडबार घेऊ. तो डबा काढून टाक आता."

पुतळाबाईंनी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नमिता लॅबमधली ड्युटी संपवून कोपरखैरण्याच्या मार्केटमध्ये गेली. एका दुकानदाराने तिला एक वायर दिली. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे-पिवळे पिन. "डायरेक्ट चालेल मॅडम, काय टेन्शन नाही." घरी येऊन लावली. पिन दोन्हीकडे अगदी बरोबर बसले, आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. तिने बटणं फिरवली, वायर काढून परत लावली, टीव्ही बंद करून चालू केला. काही नाही. दुकानदार म्हणाला, "वायर ओके आहे, तुमचा ॲम्प्लिफायर जुना आहे." परत घ्यायला तयार नाही.

मग तिने मोबाइलवर व्हिडिओ बघितले. टीव्हीतून आवाज आकड्यांच्या रूपात बाहेर येतो, जुन्या रिसीव्हरला ते आकडे कळत नाहीत, मधे ते फोडून देणारा एक छोटा कन्व्हर्टर लागतो, एवढं तिला तिसऱ्या व्हिडिओत समजलं. कन्व्हर्टर ऑनलाइन मागवला. सोबत प्रकाशावर चालणारी ऑप्टिकल केबल आली. तिचं टोक टीव्हीच्या चौकोनी भोकात काही केल्या जाईना. नमिता टीव्ही आणि भिंतीच्या फटीत हात घालून, गाल भिंतीला टेकवून ढकलत राहिली, मनगटावर ओरखडे आले. शेवटी केबल बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा दिसलं, टोकावर पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपण तसंच होतं. ती स्वतःवरच इतकी चिडली की टोपण तिने खिडकीतून खाली फेकलं.

आता केबल बसली. दुसऱ्या टोकाशी लाल उजेडही दिसला. ते टोक कन्व्हर्टरमध्ये घालून तिथून रिसीव्हरपर्यंत जुनी लाल-पांढरी वायर लावली. रिसीव्हर चालू केला आणि दोन्ही स्पीकरांतून खरखर आली, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. बोलणं नाही, गाणं नाही, नुसती खरखर.

"ऱ्हाऊ दे बाय," पुतळाबाई खुर्चीतून उठत म्हणाल्या. "मना तशी पन आता गोडी नाय त्याची." आणि भिंतीला हात लावत त्या आतल्या खोलीत गेल्या.

त्यानंतर त्या साडेसातला बाहेर येईनाशा झाल्या. लवकर जेवायच्या आणि पडून राहायच्या. नमिताने बोलावलं तर म्हणायच्या, "तुमी बगा." तेजस मॅच बघायचा. पिक्चर काय क्लिअर आहे, असं तो अधूनमधून म्हणायचा आणि नमिताच्या डोक्यात तिडीक जायची.

रविवारी संध्याकाळी तो सोफ्यावर आडवा झाला होता. मालिकेचा पुन्हा दाखवला जाणारा भाग लागला. नमिता समोर येऊन उभी राहिली.

"उठ. आईंच्या खुर्चीत बस."

"का?"

"बस म्हणते ना. आणि डोळे मिट."

तिच्या आवाजावरून त्याने वाद घातला नाही. तो बसला, डोळे मिटले. टीव्ही चालू होता. बायका बोलत होत्या, मागे संगीत वाजत होतं.

"आता कोण बोलली?" नमिताने विचारलं.

"ती... राजनंदिनी."

"तिची नणंद. आता?"

"सासू?"

"राजनंदिनी. खोलीत किती जण आहेत?"

तो डोळे उघडायला गेला तर तिने त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. "नाही. भाग संपेपर्यंत बस. त्या रोज अशाच बसायच्या."

भाग संपल्यावर तिने हात काढला. तेजस हळू आवाजात म्हणाला, "सगळं एकात एक जातंय. कंटाळा येतो."

"तू त्यांच्यासाठी टीव्ही आणलास असं सगळ्या गावाला सांगितलंस."

"आणला होता गं. मला वाटलं मोठा असेल तर..."

त्याने रिमोट घेतला. दोघं जमिनीवर बसून टीव्हीचं सेटिंग उघडून एकेक ओळ वाचू लागले. आवाजाच्या पोटात आणखी पोटं होती. काहीतरी बदललं की टीव्हीच मुका व्हायचा, मग मागे जायचं, परत आत शिरायचं. भाषा एकदा चुकून तमिळ झाली आणि ती परत इंग्रजी करायला त्यांना बराच वेळ लागला. तेजसने रिमोट सोफ्यावर आपटला. नमिताने उचलून त्याच्या हातात परत दिला. अगदी तळाशी डिजिटल आउटपुटची एक ओळ सापडली. तिथे 'ऑटो' होतं.

"कन्व्हर्टरच्या कागदावर काय लिहिलंय?" तेजसने विचारलं.

नमिताने चुरगळलेला कागद सरळ केला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, फक्त पीसीएम, म्हणजे टीव्हीने आवाज साध्या आकड्यांतच पाठवायला हवा होता. त्याने 'ऑटो' काढून पीसीएम केलं. खरखर थांबली आणि डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांतून एका जाहिरातीतली बाई इतकी स्पष्ट बोलली की नमिता दचकली.

आतल्या खोलीत पलंग करकरला. पुतळाबाई दारात आल्या.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला, आई," तेजस म्हणाला आणि त्याने उठून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं.

साडेसातला नवा भाग लागला. पुतळाबाई जरा पुढे झुकून ऐकत होत्या. मधले भाग राहून गेले होते, त्यामुळे त्या सारखं विचारत होत्या. हा स्वराज कोण? वकील कुठे गेला? नमिता भाकऱ्या सोडून बाहेर येऊन सांगत होती.

तेजस मात्र स्क्रीनकडे बघून चुळबुळत होता. "अगं, आवाज ओठांच्या मागे पडतोय. तोंड आधी हलतं, मग ऐकू येतं. हे आता कसं नीट करायचं?"

"मना ओठ दिसत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. "गप बस, ऐकू दे."

तेजसने रिमोट खाली ठेवला. दोन दिवसांनी लाइट जाऊन आली तेव्हा टीव्ही आपोआप पुन्हा 'ऑटो'वर गेला होता आणि स्पीकर खरखरत होते. नमिता कामावर होती. आईने फोन केला तेव्हा तेजसने द्रोणागिरीहून तिला सांगितलं, थांब, मी येऊन लावतो, आणि त्या दिवशी तो साडेसातच्या आत घरी पोचला.