साहेबांची नक्कल

नीलकंठ साहेब म्हणजे मोठा गोड माणूस, हो! सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात जनरल मॅनेजर. कामाचा ताण आला की दुसऱ्यांच्या नकला करायचा आणि हलका व्हायचा. सगळ्यात जास्त नक्कल कोणाची, तर चेतना मेश्रामची. भट्टी तिच्या ताब्यात, बोली तिची अस्सल वऱ्हाडी, आणि मीटिंगमध्ये तिच्या तोंडून "हो"ऐवजी "हव" निघालं की पुरुष मंडळी टेबल बडवून हसायची. चेतना आपला ताण कुठे काढणार? ती गिळायची आणि आतल्या आत जळायची.

मग भट्टी फुटली. एका कामगाराचे दोन्ही हात भाजले. नीलकंठने मालकीणबाईंना, राधिका मॅडमना, सरळ सांगितलं की भट्टीला तडा गेल्याचं चेतनाने मला कळवलंच नाही. खोटारडा मेला! आदल्याच दिवशी ती हेच सांगायला त्याच्या केबिनमध्ये हात जोडून उभी होती. पण बंद दाराआडच्या बोलण्याला साक्षीदार कोण? चेतनाची नोकरी गेल्यातच जमा होती.

अशात तेलीबांध्याच्या हॉटेलात मॅनेजर लोकांचं तणावमुक्तीचं शिबिर भरलं. राधिका मॅडम पुढेच बसल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, जोड्या लावा आणि एकमेकांच्या भूमिका करा. चेतना ताडकन उठली आणि तिने नीलकंठकडे बोट दाखवलं. त्याची खोड तिला पक्की ठाऊक होती. चार माणसं हसणार असली की या बाबाचा जिभेवर ताबा राहत नसे.

ती साहेब झाली, पायावर पाय टाकून बसली. म्हणाली, भट्टीचं काय रडगाणं आहे ते सांगा एकदाचं.

नीलकंठने ओढणीसारखा रुमाल खांद्यावर टाकला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "सर, भट्टीले तडा गेला जी. आजच बंद करा. पोट्टे भाजतीन, मले भेव लागून राहिलं."

हुबेहूब चेतना! सगळे हसले. राधिका मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"हे ती तुम्हाला कधी म्हणाली?" त्यांनी विचारलं.

नीलकंठने खांद्यावरचा रुमाल ओढून काढला. मग पुटपुटला, ही आपली गंमत. शिकवणाऱ्या बाईंनी घाईघाईने चेतनाला विचारलं, मन हलकं झालं का.

झालं नव्हतं. तिला त्याची पुरती जिरवायची होती, भर सभेत, आणि त्याची तिला तसूभर लाज वाटत नव्हती.

"मॅडम," ती राधिकाबाईंना म्हणाली, "मी हे म्हटल्यावर सर काय बोलले, ते बी त्यांनाच करून दाखवू द्या. त्यांची स्वतःची नक्कल राहिली अजून."