दर्यातला तहानेला

लातूरच्या गोलाईच्या बाजारपेठेतून आत वळलं की कापडवाल्यांच्या ओळीत गुरुलिंगचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान लागायचं. दुकानावर पत्र्याची एक खोली होती. रविवारी दुपारी बाजार थंडावला की गुरुलिंग शटर अर्धं ओढायचा आणि चौघं वर जमायची.

खेळ गुरुलिंगनं पुण्यात शिकत असताना होस्टेलवर पाहिला होता. त्याला पट लागायचा नाही की पत्ते. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. गोष्ट सांगायचं काम गुरुलिंगचं, आणि फासा वीस तोंडांचा, पोस्टानं मागवलेला.

नरसिंग मूळचा नायगावचा, तहसीलमध्ये कारकून. रोज कागदांचे गठ्ठे घेऊन झेरॉक्सला यायचा, तिथून वर आला. भीमा सिरसाट सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती सर्टिफिकेट लॅमिनेट करायला आली आणि काउंटरवर स्केचपेननं काढलेला किल्ल्याचा नकाशा बघून थांबली. चौथी गुरुलिंगची बायको नीलम्मा. ती आधी नुसता चहा घेऊन यायची. एका रविवारी दारात उभं राहून ऐकता ऐकता म्हणाली, "अहो, त्या पुलावरून कशाला जायलाव? खालून वाट आसंल की." खालून खरंच वाट होती. पुढच्या रविवारी ती चहा ठेवून खाली बसली ती बसलीच.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. धरण आटलं होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. खोलीत कूलर होता, पण त्यात ओतायला पाणी नव्हतं, त्यामुळं तो नुसता गरम वारा फेकायचा. गुरुलिंगची गोष्ट तेव्हा वाळवंटातल्या एका किल्ल्यात चालली होती. किल्ला सर झाल्यावर भीमा म्हणाली, "अण्णा, आता पाणी असलेल्या जागी न्या. दिवसभर कोरडंच बघायलेय मी."

"दर्यावर चला," नरसिंग म्हणाला.

नीलम्मानं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनंही मान डोलावली.

गुरुलिंगनं समुद्र एकदाच पाहिला होता, तोही मित्रांबरोबर कोकणात गेला असताना, काठावरून. पण जहाज काढायला आणि वारा सोडायला काही अडचण आली नाही. अडचण आली ती शत्रूंची. दर्यावर मुडदे असावेत असं त्यानं ठरवलं होतं, बुडून मेलेले पण मेल्यावर न थांबलेले. पहिल्या रविवारी त्यानं अंगावर शेवाळ लोंबणारा एक बुडालेला कप्तान जहाजावर चढवला. नरसिंगनं त्याचं वर्णनसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

"आग लावा ह्याला," तो म्हणाला. "शेवाळवाले आगीला भेतात."

नरसिंगनं मोबाइलवर या खेळाची असतील नसतील तेवढी पुस्तकं उतरवून घेतली होती आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो तीच वाचायचा. कप्तान चहा निवायच्या आत जळून गेला. मग गुरुलिंगनं बरगड्यांत दिवे लागलेला देवमाशाचा सांगाडा आणला. नरसिंगनं मोबाइल पुढं करून त्याचं चित्रच दाखवलं. तिसऱ्या खेपेला गुरुलिंगनं इरेला पेटून खेकड्याच्या धडावर माणसाचं मुंडकं बसवलं, तर नीलम्मा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हे भ्यायचं हाय का बघायचं हाय?" तिनं विचारलं.

गुरुलिंग त्या आठवड्यात जरा हिरमुसलेला होता. खेळ हीच त्याची चैन होती आणि तीच आता नीट जमत नव्हती. झेरॉक्सच्या बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर तो मुडदे काढायचा, खोडायचा. गिऱ्हाइकाला आधार कार्डाच्या प्रती देताना एकदा त्यातला एक चुकून गेलासुद्धा.

बुधवारी ड्यूटी सुटल्यावर भीमा पेनाच्या रिफिली घ्यायला आली. काउंटरवरची चित्रं तिनं एक एक करून बघितली.

"दात सगळ्यांला हायत," ती म्हणाली. "पण ह्यांला पाहिजे काय?"

"म्हंजे?"

"मेलेलं माणूस परत कशाला येईल, अण्णा? कायतरी राहिलं म्हणूनच ना. माझ्या वॉर्डात लोक जाताना मागत्यात. कुणी लेकाला बोलवा म्हणतं, कुणाला चहा पाहिजे असतो. लई जण पाणी मागत्यात. दोन चमचे दिलं की गप होत्यात." तिनं रिफिली पर्समध्ये टाकल्या. "दातांचं मी कुणाच्या तोंडून ऐकलं न्हाई."

ती गेल्यावर गुरुलिंगनं कोरा कागद घेतला.

दर्यात माणूस तहानेनं मरू शकतो, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. चहूकडं पाणी, आणि पिता येईना असं. असा एक खलाशी. बुडून नव्हे, तहानेनं मेलेला. मग त्याच्या अंगावर शेवाळ कशाला असेल? तो कोरडा असणार. खोल पाण्यातून वर येतो तरी कोरडा. लाट अंगावर आपटते आणि ओल न ठेवता निथळून जाते. कातडी आटलेल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळलेली, सांध्यांवर मीठ साचलेलं. पाय ठेवील तिथली फळी वाळून तडकते. तो कुणाला चावत नाही, कुणाला मारत नाही. तो जहाजावर चढतो, गोड्या पाण्याच्या पिंपात हात घालतो आणि पिंप कोरडं होतं. तरी त्याची तहान जात नाही. गुरुलिंगनं त्याचं नाव ठेवलं तहानेला. तो काय करू शकत नाही तेही त्यानं लिहिलं: त्याला पोहता येत नाही, तो तळावरून चालत येतो. त्याला बोलता येतं, पण काय पाहिजे असं कुणी विचारलं तरच.

आवाजाचा विचार त्यानं दोन दिवस केला आणि शनिवारी मोरीत उभा असताना त्याला तो सापडला.

रविवारी तिघं जहाजावर होती. वारा पडला होता, किनारा कुठंच दिसत नव्हता, पाण्याची चार पिंपं फळीखाली बांधून ठेवली होती. गुरुलिंगनं आवाज खाली आणला. जहाजाच्या बुडाशी काहीतरी घासतंय, म्हणाला. मग कठड्यावर एक हात आला, कोरडा. आणि मग गुरुलिंगनं तोंडानं तो आवाज काढला: नळ सोडल्यावर पाणी यायच्या आधी हवा सुटते, तसा. फस्स, मग गुळगुळ, मग परत फस्स.

नीलम्मा सवयीनं अर्धी उठली. घागर घ्यायलाच निघाली होती ती. आपलं आपल्याला कळलं तेव्हा परत बसली, पण हसली नाही. कुणीच हसलं नाही. महिनोन् महिने सगळ्या शहरानं नळातून तेवढाच आवाज ऐकला होता.

तहानेला फळीखाली उतरला. पहिलं पिंप गेलं. दुसरं गेलं. नरसिंगचा अंगठा मोबाइलवर भराभर चालला होता.

"पुस्तकात न्हाई हे," तो म्हणाला.

"न्हाई," गुरुलिंग म्हणाला. त्याला तेवढ्यानंच बरं वाटलं.

नरसिंगनं भाला मारला. फासा एकोणीस पडला, घाव बरोबर बसला. तहानेल्याचा हात खांद्यातून निखळून खाली पडला, ढेकळासारखा फुटला आणि चुरा परत गोळा होऊन जागेवर चिकटला. नरसिंगनं मशाल लावली. जळण्यासारखं त्याच्यात काही उरलंच नव्हतं. तिसरं पिंप गेलं.

"थांबा," भीमा म्हणाली. "मी त्याला पाणी देते. उरलेल्या पिंपातला एक तांब्या."

"एक थेंब न्हाई," नीलम्मा म्हणाली.

"वहिनी, एक तांब्याच."

"एकच पिंप राहिलंय. त्यातलं मुडद्याला पाजायचं?"

"खेळ हाय हा, वहिनी."

"आसू दे. सकाळपासून टँकरपुढं उभी राहून दोन घागरी आणल्यात मी. खेळातबी मला पाणी सांडता येणार न्हाई."

भीमाच्या वसाहतीत तर टँकर आलेलाच नव्हता. नरसिंग एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. गुरुलिंगला वाटलं, आता खेळ मोडतोय.

नीलम्मा मात्र दुसऱ्याच विचारात होती.

"अहो," ती म्हणाली, "पिंपं फळीखाली होती. हा आला खालून, दर्यातून. पाणी कुठं हाय ते ह्याला कळलं कसं?"

गुरुलिंगनं तेवढा विचार केला नव्हता. "वास येतो त्याला," तो म्हणाला. "गोड्या पाण्याचा."

"किती लांबून?"

"लई लांबून. म्हणून तर कुठून कुठून चालत येतो."

"मग ह्याला मारायलाव कशाला?" नीलम्मा सरसावून बसली. "आमच्या उदगीरकडं हीर खणायची झाली की पाणाड्याला बोलवतात. तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खणायचं. आपल्याकडं तर चालून आलाय पाणाड्या. जहाजाच्या नाकावर बसवा त्याला. ज्या अंगाला तोंड करील तिकडं जहाज न्यायचं. गोडं पाणी म्हंजे किनारा."

नरसिंगनं मोबाइल खाली ठेवला.

"पण तो बसंल कशाला?" गुरुलिंगनं विचारलं. हे विचारणं त्याचं कामच होतं, पण विचारताना त्याला हसू आवरेना.

"ते मी बघते," भीमा म्हणाली. ती चटईवर पुढं सरकली आणि गुरुलिंगच्या तोंडाकडं बघून, वॉर्डातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तशी बोलली. "बाबा, नाव काय तुमचं? किती दिवस झाले पाणी पिऊन? हे पिंप राहू द्या. आमाला वाट दाखवा. गोडं पाणी लागलं की पहिला तांब्या तुमचा." मग नीलम्माकडं वळून तिनं विचारलं, "चालंल ना?"

"तिथल्या पाण्यातला दे की. माझं काय म्हणणं न्हाई."

फासा सतरा पडला. तहानेल्यानं चौथ्या पिंपावरचा हात काढला आणि जाऊन जहाजाच्या नाकावर बसला. त्याचं भेगाळलेलं तोंड हळूहळू डावीकडं वळलं. मग वारा सुटला, आणि पुढची सगळी दुपार जहाज त्याच्या नाकासमोर चालत राहिलं. वाटेत वादळ आलं, नरसिंग एकदा पाण्यात पडला, नीलम्मानं त्याला दोर टाकला. ऊन पत्र्यावरून कलतं झालं तेव्हा लांबवर एक हिरवी रेघ दिसली, आणि समुद्राचं पाणी मधेच गढूळ झालं. नदीचं मुख होतं ते. तिघं काठावर उड्या टाकून पालथी पडून पाणी प्याली, पिंपं भरली, एकमेकांच्या अंगावर उडवलं. नरसिंगला पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर जायचं होतं, तो तसाच हसत हसत निघाला. नीलम्मानं त्या दिवशी चहा पूर्ण कप भरून दिला.

सोमवारी टँकरच्या रांगेत नीलम्माच्या मागं शेजारच्या केवळाबाई होत्या. टँकर यायला वेळ होता. नीलम्मानं त्यांना सगळी हकीकत सांगितली, आपल्याच बाबतीत घडल्यासारखी. केवळाबाई घागरीवर हात ठेवून ऐकत होत्या. दर्या म्हणजे काय, मुडदा जहाजावर कसा, असलं काही त्यांनी विचारलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मग त्येला पाजलं का न्हाई?"

"कुणाला, मावशी?"

"त्या पाणाड्याला. पहिला तांब्या तुझा म्हणालाव न्हवं?"

पाणी भरून नीलम्मा निघाली ती घागर डोक्यावर घेऊन थेट दुकानात शिरली.

"अहो, त्याला द्यायचं राहिलं," ती म्हणाली. गुरुलिंगच्याही ध्यानात ते आलं नव्हतं. त्यानं दवाखान्यात भीमाला फोन लावला. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या रविवारी केवळाबाईही जिना चढून आल्या. तिघं काठावरून परत जहाजाकडं गेली. तहानेला नाकावर तसाच बसून होता, तोंड नदीकडं, हात मांडीवर. भीमानं त्याच्यापुढं तांब्या धरला. चुकलं आमचं, बाबा, असं नरसिंगही म्हणाला. तांब्या भरला होता नीलम्मानं, आणि काठोकाठ भरला होता.

"तो पितो," गुरुलिंग म्हणाला. "पाणी पहिल्यांदाच त्याच्या गळ्यातून खाली उतरतं."

"आता सगळी नदी पिऊन टाकील," नरसिंग हळूच म्हणाला. पिंपांचा अनुभव होताच.

गुरुलिंगनं फासा उचलला. किती पिणार ते त्यानं ठरवलं नव्हतं, फाशावर सोडलं होतं.

"ठेव तो गोटा," केवळाबाई म्हणाल्या. "त्येला विचार की. आणखी पाहिजे का बाबा?"

सगळी गुरुलिंगकडं बघू लागली. त्यानं फासा खाली ठेवला. डोळे मिटले. मग त्या कोरड्या आवाजात, पण आता त्यात फस्स नव्हती, म्हणाला, "अर्धा."

नीलम्माला हसू फुटलं. भीमानं डोळे पुसले आणि तीही हसली. अर्धा तांब्या झाल्यावर तहानेला जहाजाच्या फळीवर आडवा झाला.

"मेला का?" नरसिंगनं विचारलं.

"झोपला," गुरुलिंग म्हणाला. "घोरायलाय."

गुरुलिंगजवळ त्या दिवसासाठी नवी एक तयार होती, ओहोटीची म्हातारी. पाणी उतरताना ती जहाजावरची एकेक वस्तू घेऊन जाते आणि जागी दुसऱ्या कुणाची तरी ठेवून जाते. तिच्यावर त्यानं फार मेहनत घेतली होती. पण तिला आणायची वेळच आली नाही. नरसिंगनं काठ पायांनी मोजायला घेतला होता. एवढी जमीन, एवढं पाणी आणि महसुलाला कुणी वाली नाही हे त्याला बघवेना. इथं नवा जिल्हा करायचा, असं त्यानं जाहीर केलं.

"मुख्यालय माझ्या बाजूला," नीलम्मा म्हणाली. "नदीच्या वरच्या अंगाला."

"दवाखाना आधी," भीमा म्हणाली. "मग तुमचं ऑफिस."

केवळाबाईंनी आपल्याला किती जागा मिळते ते विचारून घेतलं आणि ती कमी वाटली म्हणून त्या भांडायला उभ्या राहिल्या. तालुके किती पाडायचे यावर नरसिंग आणि नीलम्माचं चांगलंच जुंपलं. गुरुलिंगनं म्हातारीचा कागद घडी करून खिशात ठेवला, नवा घेतला आणि ती सांगतील तशा हद्दी स्केचपेननं आखायला बसला.