पाटीवरची बारीक ओळ

प्रतापकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि काउंटरवरच्या स्टँडला लावलेल्या दुर्बिणीला डोळा भिडवला. दुकानदार डेलने दार त्यासाठी सताड उघडं ठेवलं होतं. रस्त्यापलीकडे, शंभरेक पावलांवर, एका लाकडी इमारतीवर पाटी होती. रायफलवर बसवायची दुर्बीण निवडायची ती पाटी वाचून, अशी डेलच्या दुकानातली पद्धत.

"खालची बारीक ओळ वाच, प्रताप. वरची तर कुणीही वाचेल."

आश्लेषा केयाचा हात घट्ट धरून मागे उभी होती. पाच वर्षांच्या मुलीला बंदुकांच्या दुकानात आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती. पण "हायवेवर तूच ड्राइव्ह कर" असं काकांनी म्हटलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. मंगळवारी तिला त्यांच्या गाडीच्या उजव्या बाजूला लांबलचक ओरखडा दिसला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या ड्राइव्हवेपाशी मेलबॉक्स आडवा पडलेला होता. आणि शाळा सुटली की केया रोज त्याच गाडीत बसून काकांबरोबर शेजारी त्यांच्या घरी यायची, आश्लेषा ऑफिसमधून परतेपर्यंत. "बसमध्ये कशाला कोंबायची पोरीला? मी रिकामाच आहे," असं ऑगस्टमध्ये काकाच म्हणाले होते.

"यार, तीस वर्षं गाडी चालवतायत ते इथे अमेरिकेत," तिचा नवरा अनय काल रात्री म्हणाला होता. "तू डोळ्यांबद्दल विचारलंस तर त्यांना काय वाटेल? सख्ख्या नातीसारखं करतात तिचं."

तेच तर. प्रश्न तिने दोनदा फोनवर टाइप केला होता आणि दोनदा पुसला होता.

काउंटरवर काकांची रायफल आडवी ठेवलेली होती. लांब नळी, अक्रोडाचा दस्ता. खालची तरफ ओढायची, एक गोळी घालायची, एकदाच झाडायची. पुन्हा तरफ, पुन्हा एक. नळीच्या टोकावरच्या इवल्या लोखंडी खुणेवरून, म्हणजे माशीवरून, नुसत्या डोळ्याने नेम धरून काकांनी क्लबमध्ये वीस वर्षं स्पर्धा मारल्या होत्या. दुर्बीण लावणाऱ्यांची स्पर्धा वेगळी असे. तिला ते 'सीनियर सिटिझन कोटा' म्हणत. यंदा मात्र त्यांनी त्या स्पर्धेत नाव घातलं होतं. गंमत म्हणून, असं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं.

स्टँडवरची दुर्बीण बारीक आणि लांब होती, असल्या रायफलींवर पूर्वी बसवत तशी. शेजारी एक आखूड, जाड, काळी दुर्बीण पडून होती. तिच्याकडे काकांनी पाहिलंही नव्हतं.

"फीड अँड सीड," त्यांनी खणखणीत वाचलं. "छान आहे. हीच लाव."

"माय टर्न!" केयाने हात सोडवून घेतला.

डेलने स्टूल सरकवलं. केयाने तळहाताने एक डोळा झाकला आणि दुसरा भिंगाला लावला.

"पी... आय... ई... एस. पाईज! आई, दे हॅव पाईज!"

डेलने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसली.

"चाऱ्याचं दुकान गेलं, प्रताप," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मागच्या महिन्यात. आता तिथे बेकरी आहे."

काका पुन्हा वाकले. भिंगाची कडी त्यांनी एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे. बराच वेळ फिरवत राहिले. आश्लेषाने केयाला स्टुलावरून उतरवलं. आता बोलायला हवं होतं. ती भिंतीवरच्या टोप्या बघत राहिली.

"ती जाडी दे," काका म्हणाले.

डेलने दुर्बीण बदलली. या वेळी काकांनी घाई केली नाही. एकेक अक्षर सावकाश उचलल्यासारखं वाचलं.

"फ्रेश ब्रेड... पाईज. खाली फोन नंबर आहे. शेवटी चार, शून्य, एक." ते थांबले. "नाही. सात."

"सात," डेल म्हणाला.

"हीच बसव." मग आश्लेषाकडे वळून ते मराठीत म्हणाले, "पैठणीवर हूडी घातल्यासारखं दिसणार. सुलेखा वर्षभर चिडवेल मला."

"काकूंना मी सांगते काका, हल्ली तशीच फॅशन आहे."

ते हसले. खिशातला चष्मा काढून त्यांनी लावला.

परतताना केयाच्या मांडीवर बेकरीतल्या पाईचा खोका होता. एरवी शेजारी बसले की काका पुढून येणारा प्रत्येक बोर्ड मोठ्याने वाचून दाखवत: एवढे मैल, अमुक एक्झिट, डाव्या लेनमध्ये राहा. आज त्यांनी एकही बोर्ड वाचला नाही. तिने एक्झिट आपली आपणच घेतली.

त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये तिने इंजिन बंद केलं. ओठांवर आलेलं वाक्य तिने मनात एकदा म्हणून पाहिलं. ते सौम्य वाटत नव्हतं. दुसरं शोधेपर्यंत काका उतरलेही होते. रायफलची पेटी त्यांनी गॅरेजमधल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग ते आपल्या गाडीपाशी गेले. मागचं दार उघडून वाकले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात केयाला गाडीत बसवायची बूस्टर सीट होती. तिच्यावरचे बिस्किटांचे कण त्यांनी झटकले आणि ती आश्लेषाच्या गाडीच्या डिकीत ठेवली.

"काका..."

"शाळेची बस या कोपऱ्यावरच थांबते ना? तीनच्या सुमारास?"

"दोन पन्नासला."

"मी अडीचपासूनच उभा राहीन." त्यांनी डिकी हलकेच लावली. "बस पिवळी असते. तेवढी दिसते मला."