एकोणऐंशी मीटर चाळीस

नगरपालिकेच्या छाननी विभागात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग एकदा तिनेच फोन उचलून "हो, फूटपट्टीच बोलतेय, काय काम आहे?" असं ऐकवलं, तेव्हापासून तोंडावर म्हणायला लागले. बावीस वर्षं ती एकच काम करत होती. कुणाला जमिनीचे प्लॉट पाडायचे असले की त्याचा नकाशा तिच्या टेबलावर येई. रस्ता किती रुंद, कोपरा किती गोल, प्लॉट किती मोठा, मोकळी जागा कुठे सोडलीय, हे सगळं ती नियमाशी ताडून बघे. नऊ मीटरच्या रस्त्यात दहा सेंटिमीटर कमी भरले तरी नकाशा परत. लोक हात जोडत, चिडत, वरून फोन आणत. ही ढिम्म.

आणि आता तिच्या घरचाच नकाशा ऑफिसात आला होता.

आत्या गेली. तिला मूलबाळ नव्हतं, तेव्हा शहराच्या कडेची तिची लांबट जमीन भाच्यांकडे आली. चार चुलत भावांनी मधून एक रस्ता काढून नऊ प्लॉट पाडायचं ठरवलं. फूटपट्टीने मला काही नको म्हणून आधीच लिहून दिलं होतं. चौघांनी दोन-दोन घेतले आणि तिच्या धाकट्या बहिणीला एक दिला, अगदी शेवटचा. ही वाटणी कुठल्या गणिताने झाली ते कुणी विचारलं नाही, कारण धाकटी तेवढ्यावरच हरखून गेली होती. नवरा गेल्यापासून अकरा वर्षांत तिने सात घरं बदलली होती, सगळी भाड्याची. शिलाईचं मशीन उचलायचं, टेम्पोत घालायचं, नव्या खिडकीशी मांडायचं, की घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं आणि खोली रिकामी करायची वेळ यायची. दर वेळी लग्नच. "माझ्यामुळे किती जणांचे संसार उभे राहिले बघ," असं ती हसत म्हणे. हल्ली ते हसणं जरा कमी झालं होतं.

फूटपट्टीने रीतीप्रमाणे चिठ्ठी लिहिली, 'प्रकरण नात्यातले आहे, माझ्याकडे नको,' आणि नकाशा शेजारच्या टेबलावर सरकवला. त्या टेबलावरच्या गृहस्थाला सगळे पेन्सिल म्हणत, कारण पेन्सिल सतत त्याच्या कानामागे असे आणि तो ती सतत शोधत असे. काम त्याला फूटपट्टीनेच शिकवलं होतं.

गुरुवारी ती फाईल मोठ्या साहेबांच्या ट्रेमध्ये दिसली. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ट्रेजवळून दोनदा गेली, तिसऱ्यांदा थांबली आणि नुसतं वरवर चाळायचं म्हणून पान उलटलं. पेन्सिलचा शेरा होता: 'बंद रस्त्याची लांबी ७३.४० मीटर. वळणवर्तुळाची गरज नाही.'

तिने शेरा पुन्हा वाचला. रस्ता पलीकडून बंद असेल आणि पंचाहत्तर मीटरपेक्षा लांब असेल, तर टोकाला नऊ मीटर त्रिज्येचं वर्तुळ सोडावं लागतं, आत आलेल्या मोठ्या गाडीला वळायला. पंचाहत्तरच्या आत असेल तर नाही. आणि ही लांबी मुख्य रस्त्याच्या मध्यापासून मोजायची, कडेपासून नव्हे. मुख्य रस्ता बारा मीटरचा. म्हणजे पेन्सिलचे सहा मीटर कुठेतरी गळाले होते. एकोणऐंशी मीटर चाळीस, तिने मनात बेरीज केली. वर्तुळ आलं की शेवटच्या प्लॉटचा पन्नासेक चौरस मीटरचा लचका जाणार. उरले एकशेचौतीस. दीडशेच्या खाली प्लॉटच होत नाही.

ती पेन्सिलसमोर जाऊन उभी राहिली.

"कुठून मोजलंस?"

"मोजलं की."

"कुठून?"

पेन्सिलने कानामागे हात नेला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कडेपासून. नियमात 'मुख्य रस्त्यापासून' एवढंच आहे, ताई. मध्यापासून असं कुठे लिहिलंय?"

"मध्यापासून मोजायचं हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग?"

"मग काय मग! बावीस वर्षांत तुम्ही कुणाकडे कधी काही मागितलं नाहीत. म्हटलं, न मागता द्यावं. सोमवारी साहेबांची सही होईल. तुम्ही ती फाईल बघितलीच नाही, जा."

तो मनापासून बोलत होता, हीच तर पंचाईत. लबाडी केली असती तर तिने त्याला उभा-आडवा फाडला असता. प्रेमाने दिलेल्या भेटीला काय बोलणार? ती जागेवर येऊन बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. दुपारभर समोरच्या दुसऱ्याच नकाशावर तिने एकच कोपरा चार वेळा मोजला. संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, मशीनसाठी खिडकी उत्तरेला ठेवू की पूर्वेला? उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो म्हणतात. सुई ओवायला बरा."

"उत्तरेला," फूटपट्टी म्हणाली.

"तुझा आवाज असा का?"

"घसा बसलाय."

घसा ठणठणीत होता. बहिणीशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते एवढंसं खोटंही तिला रात्रीच्या जेवणापर्यंत सलत राहिलं.

शुक्रवारी तिने अर्धी रजा टाकली आणि आगीच्या बंबाच्या ठाण्यावर गेली. कशाला चाललोय हे तिने स्वतःला नीट सांगितलं नाही. खरं तर कुणीतरी जाणत्या माणसाने 'त्याने काही बिघडत नाही' असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. बंबाचा चालक बादलीत फडकं बुडवून चाकं पुसत होता. पोट सुटलेला, निवांत माणूस.

"समजा गल्ली बंद आहे," ती म्हणाली. "ऐंशी मीटर लांब. टोकाला वळायला जागा नाही. काय कराल?"

"मागे घेईन."

"ऐंशी मीटर?"

"अहो बाई, दीडशे मीटर मागे घेतलीय मी. पोरांच्या सायकली, कुंड्या, उभ्या केलेल्या गाड्या, सगळं चुकवत. आपल्या एका माणसाला मागे उभं करायचं, तो हात करतो. आग विझवायला चौघे असतात, त्यातला एक हात करण्यात जातो, एवढंच. चालवून घेतो आम्ही."

"म्हणजे चालतं?"

"चालवून घ्यायचं म्हटलं की चालतं."

फूटपट्टी इतकी हलकी होऊन बाहेर पडली की बस सोडून चालतच निघाली. चौकापर्यंत तिला वाटत होतं की सुटलो. चौकात सिग्नलला थांबली आणि 'चालवून घेतो' हा शब्द तिला कुसळासारखा टोचायला लागला. बावीस वर्षं लोक तिच्या टेबलापुढे उभे राहून हाच शब्द बोलत आले होते. बाई, रस्ता थोडा अरुंद आहे, चालवून घ्या. कोपरा थोडा टोकदार आहे, चालवून घ्या. त्या प्रत्येकाला तिने परत पाठवलं होतं, आणि त्यांतल्या काहींना खरोखरच दुसरं काही नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ तर जिन्यात बसून रडले होते. तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, पण नकाशा परतच गेला होता. आता स्वतःची बहीण आली म्हणून सहा मीटर गिळायचे? ती स्वतःवर चिडली, मग पेन्सिलवर, मग चुलत भावांवर, आणि उरलेला राग तिने घरी गॅसच्या शेगडीवर काढला. घासून घासून शेगडीवरचे आकडे पुसून टाकले.

शनिवारी आणि रविवारी तिचं कशात लक्ष लागलं नाही. थोरल्या चुलत भावाला फोन करून तिने आडून विचारलं की रस्ता थोडा बदलून तुझ्या बाजूला वर्तुळ घेतलं तर? तो म्हणाला, "माझ्या दोन्ही प्लॉटचं गिऱ्हाइकांशी बोलणं झालंय. आणि पास होत आलेल्या नकाशात तू कशाला नाक खुपसतेस?" सोमवारी सकाळी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. आपण साहेबांच्या खोलीत जायचं नाही, असं तिने जिना चढताना पक्कं केलं होतं. साहेब आले, त्यांनी पेन उघडलं, पहिली फाईल घेतली, दुसरी घेतली. काचेतून तिला सगळं दिसत होतं. तिसरी फाईल हातात आली तशी ती उठली, आत गेली आणि म्हणाली, "साहेब, ही लांबी चुकीची आहे. एकोणऐंशी मीटर चाळीस आहे."

साहेबांनी नकाशा बघितला, नावं बघितली, मग तिच्याकडे बघितलं. "हे तुमचेच लोक ना?"

"हो."

"मग या फाईलला हात लावायचा नाही, हेही तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. लावला."

साहेबांनी फाईल दुरुस्तीसाठी परत पाठवली. पेन्सिलला बोलणी बसली आणि तो तिच्याशी बोलेनासा झाला. चुलत भावांनी दहा दिवसांत सुधारलेला नकाशा काढला. त्यात टोकाला गोल गरगरीत वर्तुळ होतं आणि प्लॉट आठच होते. नवव्याची उरलेली जागा शेजारच्या प्लॉटला जोडली होती. धाकटीला काय द्यायचं ते देऊ, असं भावांनी कळवलं. मात्र तिची सही लागत होती. तोंड दाखवायची हिंमत चौघांपैकी एकालाही झाली नाही, म्हणून संमतीपत्र त्यांनी फूटपट्टीच्याच हातात दिलं. "तूच केलंस, तूच निस्तर," थोरला म्हणाला, आणि त्यात त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

वाटेत तिने उत्तर जुळवून ठेवलं. शेवटचं घर तुझंच होतं, आग लागली असती तर बंबाला तुझ्याचकडे यायचं होतं आणि तुझ्याच दारातून ऐंशी मीटर मागे जायचं होतं. मी तुझाच विचार केला. उत्तर चांगलं होतं. ऐकणाऱ्याचं तोंड बंद होईल असं होतं. तिने ते दोनदा मनात म्हणूनही बघितलं.

धाकटी मशीनवर बसली होती. बहीण आत आली तरी तिने पाय थांबवला नाही. कापडाचा काठ संपल्यावर दोरा तोडला आणि मगच वर बघितलं.

"दादाने फोनवर सांगितलं. फाईल पास झालीच होती म्हणे."

"जवळजवळ."

"तू परत मागवलीस."

"हो."

"तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

धाकटीने कापड झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. "लहानपणी मी उंबऱ्यावरून उडी मारली की रेषेवर पाय पडला म्हणून मला बाद करायचीस. दर वेळी. मी रडायचे, आई ओरडायची, तरी तू बादच म्हणायचीस. मला राग नाही यायचा, खरंच सांगते. वाटायचं, आपल्या ताईचं सगळं कसं बरोबर असतं." तिने कापड मांडीवर दाबून धरलं. "पण आयुष्यात एकदा तरी माझ्यासाठी चुकली असतीस गं."

जुळवलेलं उत्तर फूटपट्टीच्या ओठांपर्यंत आलं. पण साहेबांपुढे उभी असताना तिच्या मनात आग नव्हती, बंब नव्हता, धाकटीसुद्धा नव्हती. समोर एक चुकीचा आकडा होता आणि तो तसाच पुढे जाताना तिला बघवत नव्हतं. याहून मोठं त्यात काहीच नव्हतं. आता त्याला बंबाचा मुलामा देऊन बहिणीच्या पदरात घालायचं तिच्याने होईना.

"मला राहवलं नाही," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

धाकटीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आण तो कागद. कुठे करायची सही?"

फूटपट्टीने जागा दाखवली. धाकटीने मशीनच्या फळीवर कागद ठेवून सही केली, तारीख घातली. खाली 'कायमचा पत्ता' असा रकाना होता. तिथे तिचं पेन अडलं. या खोलीची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. घरमालकाकडे लग्न होतं.

"माझा पत्ता लिही," फूटपट्टी म्हणाली.

धाकटी शाळेतल्या मुलीसारखी जीभ दाताखाली धरून बारीक, सुबक अक्षरात लिहीत राहिली आणि कागद बहिणीच्या हाती दिला.

फूटपट्टीने सवयीने वरपासून वाचलं. नाव बरोबर. सही बरोबर. तारीख बरोबर. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं: प्लॉट नंबर नऊ, आत्याची जमीन, शेवटचं घर. असा प्लॉट नव्या नकाशात नव्हता. आवक-खिडकीवर कागद घेताना हा पत्ता कुणी बघणार नाही, पण बोलणी खाल्लेला पेन्सिल हल्ली कानामात्राही सोडत नव्हता. तो शेरा मारणार, कागद परत येणार, आणि त्यात पंधरा दिवस जाणार. तोवर नऊ प्लॉटांचा जुना नकाशाच नोंदीत राहणार. तिचा हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"काही चुकलंय का?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"पत्ता?"

"पत्ताही बरोबर आहे," फूटपट्टी म्हणाली आणि कागदाची घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला.