भोंग्याची शिकवणी

कुत्र्याचं नाव भोंगा ठेवलं ते गंमत म्हणून. त्यानं मात्र ते फारच मनावर घेतलं.

चिमी मशीनवर बसली की हा सुरू. पँटची उंची कमी करायची असो, कोटाचं अस्तर बदलायचं असो, नाहीतर कुणाच्या दप्तराची चेन बसवायची असो. चाक फिरलं की भोंगा समोर येऊन बसायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत भुंकायचा. भूक नाही, तहान नाही, दारात कुणी नाही. नुसतं, माझ्याकडे बघ.

चिमी म्हणजे चांगली एक्कावन्न वर्षांची बाई. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. चिमी म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, तिला लहानाची मोठी करणारी मावशी. मावशी आतल्या खोलीत पलंगावर असायची. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती ती. “तिसऱ्या घंटेच्या आत उचललं नाही तर मेमो यायचा आम्हाला,” हे ती आल्यागेल्याला ऐकवायची. तिची हाकही तशीच, स्पष्ट आणि तीनदा. “चिमे. चिमे. चिमे.” चौथ्यांदा मारायची वेळ सहसा यायची नाही.

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून ती दिवसा झोपायची, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची. एका दुपारी ती विस्कटलेल्या केसांनी वर आली.

“ताई, माझं काही वैर नाही हो त्याच्याशी. पण महिन्याभरात हा गप्प झाला नाही तर मला घरमालकांकडे जावं लागेल. आणि ते काय म्हणतील, तुम्हाला माहितीये.”

घरमालक काय म्हणतील ते चिमीला चांगलंच माहीत होतं. भोंग्याला पिशवीतून घरी आणलं त्या दिवसापासून ते तेच म्हणत होते.

ती भोंग्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी त्याचे कान बघितले, घसा बघितला आणि म्हणाले, “कुत्रा ठणठणीत आहे. चुकतंय तुमचं. भुंकला की तुम्ही ओरडता ना त्याला? झालं तर मग, त्याचं काम झालं. यापुढे तो भुंकला की भिंत व्हायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही. गप्प झाला की दहा मोजा, शाबास म्हणा, बिस्किटाचा तुकडा द्या. मध्येच एकदा जरी उठलात तरी सगळं मुसळ केरात.”

चिमी शाळेत कधी पहिली आली नव्हती. इथे यायचंच असं तिनं ठरवलं. एप्रनच्या खिशात बिस्किटांचे तुकडे भरले आणि भिंत झाली.

पहिले दोन दिवस भोंग्यानं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी तो ऐन रंगात आलेला असताना आतून हाक आली. “चिमे!”

चिमी उठायला गेली आणि तशीच थबकली. आता उठावं तर भोंग्याला वाटणार, आपण भुंकलो म्हणून उठली. दोन दिवसांची मेहनत पाण्यात.

“चिमे! चिमे!”

हाकेसरशी भोंग्याला आणखी जोर चढला. चिमी मान खाली घालून शिवत राहिली. टाके वाकडे गेले. मग आत शांत झालं, थोड्या वेळानं बाहेरही झालं. तिनं दहा मोजले, भोंग्याला तुकडा दिला आणि आत धावली. मावशीला नुसतं पाणी हवं होतं.

“अगं, फोन बंद होता का तुझा?” मावशी म्हणाली.

चिमीनं हसत हसत सगळं समजावलं. “तू हाक मारलीस की त्याला चेव येतो, आणि तो भुंकत असताना मला उठता येत नाही. तू गप्प राहिलीस की तो गप्प राहतो. मग मी लगेच येते. थोडेच दिवस गं.”

“बरं,” मावशी म्हणाली. “नोकरीत नियम पाळलेत मी.”

आणि तिनं खरंच पाळले. हाका तीनच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. दुसऱ्या आठवड्यात एकदा भोंगा आणि मावशी दोघंही बराच वेळ चिडीचूप राहिली, तेव्हा चिमीला इतका आनंद झाला, की भोंग्याला तुकडा देऊन ती तशीच आत गेली आणि दुसरा तुकडा मावशीच्या हातावर ठेवत म्हणाली, “शाबास!”

मावशी हसली. बिस्किटही खाल्लं. चिमीनंच ही गंमत नंतर दोन गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली.

महिना भरायला चार दिवस असताना नर्स पुन्हा दारात आली. या वेळी केस विंचरलेले होते आणि हातात केळ्यांचा घड होता.

“ताई, कमाल केलीत हो तुम्ही! काल सलग सहा तास झोपले. घरात कुणी आहे की नाही असं वाटावं, इतकं शांत.”

चिमीला अगदी मूठभर मांस चढलं. सकाळपासून तिच्या चार पँटी आणि एक कोट हातावेगळा झाला होता. “थांबा, मावशीलाही सांगू तुमच्या तोंडून. निम्मं श्रेय तिचं आहे,” म्हणत ती नर्सला आत घेऊन गेली.

मावशी जमिनीवर होती. पलंगाला पाठ टेकून, पाय लांब करून बसलेली. चष्मा पलंगाखाली गेला होता, तो काढायला वाकली आणि घसरली. साडी ओली झाली होती आणि त्यावर तिनं उशीचा अभ्रा पसरून ठेवला होता. भोंगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. चिमीला बघताच तो उठला, तिच्यासमोर ताठ बसला आणि एप्रनच्या खिशाकडे बघू लागला.

“झाला का गं कोट?” मावशीनं विचारलं.

नर्स पुढे झाली. हात-पाय, कंबर चाचपली. मोडलं काही नव्हतं. दोघींनी मिळून मावशीला वर बसवलं.

“किती वेळ झाला, मावशी?”

“फार नाही. दहाचा भोंगा झाला ना कारखान्याचा, त्यानंतर.”

आता साडेअकरा वाजले होते.

“आणि हाक नाही मारलीत?” नर्सनं विचारलं. “या इथे बाहेरच तर होत्या.”

मावशीनं चिमीकडे बघितलंच नाही. अभ्र्याची घडी घालत म्हणाली, “घसा बसलाय माझा सकाळपासून.”

आवाज खणखणीत होता. नर्सनं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा चिमीकडे, आणि ती गरम पाणी ठेवायला गेली. चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मावशीची साडी बदलली, पाय पुसले, चष्मा काढून दिला. माफी मागायला तोंड उघडलं, तर मावशी म्हणाली, “ते केळं दे बाई एक. भूक लागलीये.”

दुसऱ्या दिवशी चिमीनं मशीन ओढत ओढत आतल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी आणलं. भोंगा दाराशी पसरला. सगळे समोरासमोर. दुपारपर्यंत तिनं मावशीला काय हवं, काय नको असं इतकं विचारलं, की मावशी म्हणाली, “शीव की गं आता!”

ती शिवू लागली. चेन बसवताना सहज वर पाहिलं तर मावशी तांब्याकडे बघत होती. तांब्या तिच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर होता. मावशीनं तांब्याकडे बघितलं, फिरणाऱ्या चाकाकडे बघितलं, मग ती ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि गप्प वाट बघू लागली.

चिमीनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

“मावशी, हाक मार.”

“अगं, समोर तर बसलीयेस.”

“तरी मार. तीनदा.”

“वेडी का खुळी तू? तो भुंकेल.”

“भुंकू दे.”

मावशीनं भोंग्याकडे बघितलं, जणू त्याचीच परवानगी हवी होती. मग अगदी हळू, कुणाची तरी झोप मोडेल अशा बेतानं म्हणाली, “चिमे.”

भोंग्यानं नुसते कान टवकारले. दुसरी हाक यायच्या आत चिमी उठली होती. चेन सुईखाली अर्धी अडकून राहिली. तिनं भांडं भरलं, मावशीच्या ओठांशी धरलं, आणि मावशी पाणी पिऊ लागली तशी चिमीच्या जिभेवर सवयीनं ‘शाबास’ आलं.

तिनं दात आवळले. दुसरा हात एप्रनच्या खिशात गेला होता, तो रिकामाच बाहेर काढला. भोंगा त्या हाताकडे बघत होता. मावशीही बघत होती.